सकाळचं पहिलं पीठ

रक्ताच्या तपासणीचा कागद डॉक्टरांनी वाचून टेबलावर उलटा ठेवला, तेव्हाच काशीबाईला कळलं की आकडा चढलेला आहे. उतरलेला आकडा कुणी उलटा ठेवत नाही.

पालघरच्या त्या दवाखान्याच्या खेपा सुरू होऊन दोन वर्षं होत आली होती. बोईसरहून यायचं, नंबर लावायचा, आणि भिंतीवरच्या आतड्यांच्या चित्राकडे बघत बसायचं. ते चित्र काशीबाईला आता आपल्या गावच्या खाडीइतकं पाठ झालं होतं. कुठं वळण, कुठं चिंचोळं, सगळं. तिची नात हेमांगी दोघींच्या मध्ये बसली होती. एका बाजूला आजी, दुसऱ्या बाजूला आई दीपाली. पोर दहा वर्षांची, पण दिसायला आठाची. मनगटं सुकल्या बोंबलासारखी.

"एकशे अठ्ठावीस," डॉक्टर म्हणाले. "फेब्रुवारीत चाळीसवर आला होता. म्हणजे हिच्या पोटात गहू जातोय. थोडा का होईना, पण सारखा जातोय."

दीपालीनं मुलीकडे पाहिलं. मुलीनं स्वतःच्या पायांकडे.

"घरात गहू शिवत नाय आमी," काशीबाई म्हणाली. "दोन वरसं झाली. पोळी नाय, पाव नाय, रवा नाय. होळीला पुरणपोळी केली नाय. तांदळाची भाकर, नाचणीची भाकर, कालवण, भात. सगळं घरच तसं खातं."

"पीठ कुठून आणता?"

काशीबाईनं पिशवीतून पाकीट काढून टेबलावर ठेवलं. नाचणी आणि तांदळाचं मिश्र पीठ, अर्धा किलो, कोपऱ्यात हिरवा गोल, त्यात ग्लूटेन फ्री अशी अक्षरं. "माझ्याच हातचं हाय. आमच्या बचत गटाचा गाळा हाय बोईसरला."

डॉक्टरांनी पाकीट उलटंपालटं करून वाचलं. "लेबल ठीक आहे. पण लेबल म्हणजे शेवटी कागद. जिथं हे दळता तिथं गहू दळता का?"

"नाय."

"बायका डब्यात पोळी आणत असतील."

"गाळ्याच्या भाईर खातात. हात धुतात, चपला बदलतात, डोक्याला टोपी घालतात, मग आत. एखादी चुकली तर मीच ओरडते तिला."

"मग शाळेत बघा," डॉक्टर म्हणाले. तेही थकलेले होते. बाहेर अजून बारा जण बसले होते. "आजी, यात चिमूटसुद्धा चालत नाही. नखात मावेल एवढंही नाही. दुसऱ्या कुणाला शंभर पोळ्यांनी काही होणार नाही, हिला त्या नखभरानं होतं. आतडं सोलवटतं आतून. मग खाल्लेलं अंगी लागत नाही, उंची थांबते. तुम्ही बघताच आहात."

बोईसरला उतरून रिक्षात बसल्यावर दीपाली एकदाच म्हणाली, "कुणाच्या डब्यातलं खातेस, तेवढं सांग."

"कुणाच्याच नाय."

"खोटं बोलू नको."

हेमांगी बाहेर बघत राहिली. कंपन्यांच्या बसगाड्या पहिल्या पाळीची माणसं सोडत होत्या, रस्ता तुंबला होता, आणि रिक्षावाला हिंदीत कुणाला तरी फोनवर सांगत होता की पोचतोच दोन मिनिटांत.

हे भांडण आता जुनं झालं होतं. मे महिन्यापासून पोरीचं पोट पुन्हा फुगायला लागलं, जुलाब सुरू झाले, केस गळायला लागले, तेव्हापासूनचं. जूनमध्ये तिच्या दप्तरात बिस्किटाच्या पुड्याचा कागद सापडला. ती म्हणाली, शाळेत कागदांचं तोरण करायचं होतं, बाईंनी आणायला सांगितले होते. दीपालीनं आधी मारलं आणि मग शाळेत विचारलं. तोरण खरं निघालं. पण खरं तोरण आणि खरा जुलाब दोन्ही एकाच घरात असले, तर माणूस जुलाबावरच विश्वास ठेवतो.

आणि काशीबाईनं काय केलं? तिनं मारलं नाही. ती रोज संध्याकाळी गाळ्यावरून आली की नातीला जवळ घ्यायची आणि म्हणायची, "तोंड उघड." मग तोंडाचा वास घ्यायची. बिस्किटाला गोडसर वास असतो, पावाला आंबूस. पहिल्या दिवशी हेमांगी हसली होती. आठवड्याभरानं आजी दारात दिसली की ती आपणहून तोंड उघडून उभी राहायला लागली, डोळे मिटून. काशीबाईला ते आवडत नव्हतं. पण तिनं थांबवलंही नव्हतं.

काशीबाईचं वय अडुसष्ट. तारापूरच्या अलीकडच्या एका कोळीवाड्यात तिचा जन्म झाला तेव्हा अणुवीज केंद्र नव्हतं, बोईसरचे कारखाने नव्हते, आणि गहू नव्हता. म्हणजे जगात असेल, त्यांच्या घरात नव्हता. खायचा तो भात. बाप होडीवर जायचा, आई मासळी सुकवायची, आणि सुकी मासळी टोपलीत घालून डोंगराकडच्या पाड्यांवर जायची. तिथं पैसे कुणाकडेच नसायचे. मासळी द्यायची आणि भात, नाचणी, वाल घेऊन यायचं. डोंगरातली माणसं आणि दर्यावरची माणसं एकमेकांना अशी जगवायची. ती नाचणी घरच्या जात्यावर दळायची. जात्याचा खुंटा धरताना काशीच्या हाताखाली आईचा हात असायचा, खारट आणि खरखरीत.

गहू पहिल्यांदा घरात आला तो केंद्राचं बांधकाम चालू असताना. आई तिथल्या बंगल्यांवर पापलेट घेऊन जायची. एका इंजिनिअरच्या बायकोनं एकदा सुट्ट्या पैशांऐवजी पसाभर गहू तिच्या पदरात घातला. आईनं तो घरी आणून सुपात पसरला, आणि वाडीतल्या चार बायका बघायला आल्या. सोन्यासारखा रंग, दाण्याच्या मधोमध रेघ. त्या वर्षी होळीला पहिली पुरणपोळी झाली. सहा माणसांत चार पोळ्या. काशीला अर्धी मिळाली होती. तिची चव तिला अजून सांगता आली असती.

आणि दळण संपलं की आई जातं कधी रिकामं ठेवत नसे. मूठभर दाणे त्याच्या तोंडात टाकायची आणि वरून फडकं घालायची. "जातं उपाशी निजवू नये," म्हणायची. "आज आपण त्याला उपाशी ठेवलं, तर उद्या ते आपल्याला ठेवील." दुसऱ्या दिवशीचं दळण त्या मुठीवरच सुरू व्हायचं.

त्या जात्याचं पुढं काय झालं ते काशीबाईला माहीत नव्हतं. भावांच्या वाटण्यांत कुठं तरी गेलं असेल. पण मूठ तिच्या हातात राहिली.

गटाचा गाळा बोईसरच्या औद्योगिक वसाहतीच्या कडेला होता. चौदा बायका. पालघरची स्नेहा त्यांची अध्यक्ष. शिकलेली, तिशीतली, परवाने, लेबलं, तपासण्या सगळं तीच बघायची. हिरव्या गोलाची कल्पनाही तिचीच. हेमांगीचं दुखणं निघालं त्याच सुमारास तिनं कुठं तरी वाचलं की अशा माणसांना खात्रीचं पीठ मिळत नाही, साध्या चक्कीवर गव्हानंतर नाचणी दळतात आणि सगळं एकात एक होतं. ती म्हणाली, आपण गहू आतच आणायचा नाही. नवी चक्की घेऊ, तिच्यात जन्मात गहू पडलेला नसेल. गेल्या दिवाळीच्या आधी तिनं एक नमुना मुंबईच्या प्रयोगशाळेत पाठवला. तो स्वच्छ आला, मग गोल छापला. काशीबाईनं त्या दिवशी नातीला सांगितलं होतं, "तुज्यासाठी चक्की आणली गो. राजाच्या पोरीलापण नसंल."

चक्की काशीबाईच्या ताब्यात होती. सगळ्यांत वडील ती, आणि दळणाचं तिला हातानं कळायचं. पीठ चिमटीत धरलं की जाडंभरडं किती ते सांगायची. संध्याकाळी साडेपाचला स्नेहा पालघरची गाडी पकडायला निघाली की काशीबाई ब्रशनं चक्की झाडायची, हॉपर, म्हणजे धान्य ओतायचं पत्र्याचं तोंड, पुसायची, आणि शेवटी त्यात मूठभर दाणे टाकून झाकण लावायची. सुरुवातीला तांदळाचे.

सकाळी पहिलं पीठ पडे ते वेगळं काढलं जाई. पहिली दोन पाकिटं हेमांगीची. देवाला पहिला मान तसा. त्यानंतरची, फोनवरून मागवणाऱ्या अकरा घरांची; त्यांच्याकडेही कुणाला तरी हेच दुखणं होतं, म्हणून त्यांना ताजं. दुकानांचं आणि कोळगावच्या जिल्हा कचेरीजवळच्या स्टॉलचं पीठ त्यानंतर, दिवसभर.

डॉक्टरकडून आल्यावर तिसऱ्या दिवशी, संध्याकाळी पावणेसहाला, काशीबाई चक्कीसमोर उभी होती. झाडून झालं होतं, पुसून झालं होतं. गटातली शालू दाराशी टोपी काढून केस सोडत होती. काशीबाईनं देवाच्या फोटोखालचा पितळी डबा उघडला, त्यात हात घातला, मूठ भरली आणि चक्कीच्या तोंडाशी नेली. आणि हात तिथंच थांबला.

मुठीत गहू होता.

फाल्गुनात चक्कीचा पट्टा तुटला होता. दुरुस्त केला, आठ दिवसांत पुन्हा तुटला. त्या वेळी नवसीच्या हाताला लागलं. नवसी डोंगरातून नाचणी आणायची आणि निवडायलाही बसायची. काशीबाईच्या मनात आलं, आपण हिला रोज तोच तांदूळ घालतो. माणसासाठी ठीक आहे, पण एवढी मोठी चक्की, चौदा घरं तिच्यावर. मानाचं धान्य घालावं. आणि घरी रेशनचा गहू पडून होता. हेमांगीमुळे तो घरात कुणी खात नव्हतं, कुणाला द्यावा तर शेजारीपाजारी प्रत्येकाकडे तोच. तिनं विचार केला होता, घरातून हे विष भाईर जाईल आणि देवाकामी येईल. होळीच्या दिवशी तिनं पहिली मूठ टाकली. त्यानंतर पट्टा तुटला नाही.

पाच महिने ती चपलांवरून बायकांना ओरडत आली होती. डॉक्टरांना "गहू दळत नाय" असं तिनं छातीठोक सांगितलं, आणि ते खोटं नव्हतं. तिच्या लेखी ते दळणं नव्हतंच. ते देणं होतं. दाणे तिच्या डोळ्यांना रोज दिसत होते, आणि गहू दिसत नव्हता.

"काय ओ मावशी, मंतर विसरलात काय?" शालू म्हणाली.

काशीबाईनं मूठ परत डब्यात सोडली. एक दाणा तळव्याला चिकटला होता, तो तिनं काढला. मग ती नाचणीच्या पोत्यावर बसली. ते पोतं मालाचं आहे, त्यावर बसायचं नाही, हा नियम तिनंच केला होता.

"शालू, सकाळी हापरमदी नाचणी तूच ओततेस ना?"

"मीच. का?"

"खाली दाणे असतात ते बगितलेस कदी?"

"तुमची मूठ ना. असते की. वरून नाचणी पडते, जाते दळून." शालू हसली. "गव्हाची असते हल्ली. मी मनात म्हटलं, मावशीनी चक्कीला बढती दिली." आणि मग तिचं हसू हळूहळू उतरलं. ती केस तसेच हातात धरून उभी राहिली.

"सगळं पहिल्याच पिठात गेलं," काशीबाई म्हणाली. "पहिलंच मी घरी नेते."

दीपालीला तिनं घरी गेल्या गेल्या सांगितलं, चूल पेटायच्या आधी. चूल म्हणजे गॅसच, पण ती अजून चूलच म्हणायची. मुलगा प्रफुल्ल दुसऱ्या पाळीला गेला होता. दीपाली बोंबील साफ करत होती. तिनं सगळं ऐकलं. मग हात धुतले, पदराला पुसले, कपाटावरून पिठाचा डबा काढला आणि मोरीत उपडा केला. वर पाणी सोडलं. लालसर पीठ जाळीत अडकून राहिलं, ते तिनं बोटांनी ढकललं.

"मी तिला मारलं, आई," ती म्हणाली. "कागदासाठी."

"तू नाय. मी..."

"तुमी पण. तुमी रोज तोंड हुंगलंत." तिच्या आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं. "तिला सांगायचं कुणी?"

"मी सांगते."

हेमांगी ओट्यावर बसून गृहपाठ करत होती. आजी शेजारी बसली तशी तिनं पेन्सिल खाली ठेवली, डोळे मिटले आणि तोंड उघडलं.

"मिट ते," काशीबाई म्हणाली. "मिट, पोरी."

तिनं सांगितलं. चक्की, मूठ, गहू, पहिलं पाकीट. मुलांना सांगतात तसं गोड करून नाही. तेवढी शक्ती उरली नव्हती. हेमांगीनं ऐकून घेतलं.

"म्हणजे मी खाल्लं नव्हतं."

"नाय."

"ते मला म्हायतच होतं," ती म्हणाली. पुन्हा पेन्सिल उचलली आणि वहीत बघत म्हणाली, "आईला पण सांगितलंस?"

"सांगितलं."

"आणि पप्पाला?"

"आला की सांगते."

"आणि शाळेतल्या बाईंना. त्यांनी माझा डबा सगळ्यांच्या समोर उघडला होता."

"त्यांना पण," काशीबाई म्हणाली.

स्नेहाला सांगणं त्याहून जड गेलं. दुसऱ्या दिवशी सकाळी काशीबाईनं चक्की सुरू होऊ दिली नाही, आणि बायका आत-बाहेर घुटमळत असताना ती स्नेहाला मागच्या खोलीत घेऊन गेली. स्नेहा ऐकता ऐकता खुर्चीच्या पाठीला रेलली. तिचा चेहरा आजारी माणसासारखा झाला.

"किती दिवस?"

"होळीपासून."

"आणि एकदाही, मावशी, एकदाही तुमच्या मनात आलं नाही? भिंतीवर लिहिलंय मी एवढ्या मोठ्या अक्षरांत."

"गहू खायचा नाय, आणायचा नाय, असं लिवलंय. वाहायचा नाय असं नाय लिवलं." काशीबाई हे वाद घालायला बोलली नव्हती. तिला खरोखर तसंच वाटलं होतं.

स्नेहानं खुर्ची पुढं ओढली. मग हळू आवाजात, दाराकडे बघत म्हणाली, "हे बघा. झालं ते झालं. आजपासून मूठ बंद. चक्की खोलून धुऊन घेऊ, दगड बदलू. पुन्हा नमुना पाठवू. पंधरा दिवस गोल काढून ठेवू, मग परत लावू. बाहेर कशाला बोलायचं? चौदा जणींचं पोट आहे यावर. नवसीकडे दुसरं काय आहे? ती परत वीटभट्टीवर जाईल."

"जाईल," काशीबाई म्हणाली. रात्रभर तिनं हाच हिशेब मांडला होता. "मला म्हायत हाय. पन त्या अकरा घरांत आज पण भाकर व्हईल. आपल्याच पिठाची. आणि त्यांच्या घरात पण कुणाला तरी तोंड उघड म्हणत असतील."

"तुम्हाला कसं माहीत?"

"मला म्हायत हाय."

स्नेहानं डोळ्यांवर हात धरला. "गोल मी छापला, मावशी. सही माझी आहे. उद्या कुणी तक्रार केली तर तुमचं नाव नाही येणार, माझं येईल."

"म्हणून तर तुला इचारते. नाय तर कालच फोन केले असते."

बाहेर कुणाचा तरी डबा पडल्याचा आवाज झाला, शालूनं कुणाला तरी झापलं. स्नेहा उठली. फळीवरून एक वही काढली आणि गाळ्याचा मोबाइल तिच्यावर ठेवला.

"दुकानांचा माल मी उचलते. कोळगावच्या स्टॉलवर मी जाते. आणि ज्यांनी परवाना दिला त्यांना पत्र मीच लिहीन, काय व्हायचं ते होऊ दे." तिनं वही काशीबाईच्या मांडीवर ठेवली. "फोन तुम्ही करा. मला ते जमणार नाही. मी रडेन, आणि मग त्यांनाच माझी समजूत घालावी लागेल."

दहा वाजेपर्यंत सगळ्यांना कळलं. कुणी काशीबाईला बोललं नाही, हेच बोलणं होतं. बायका शिल्लक पाकिटांवरचे हिरवे गोल नखांनी खरवडत बसल्या. नवसीनं पितळी डबा बाहेर नेला, त्यातला गहू कोंबड्यांना टाकला, आणि डबा धुऊन आणून उन्हात पालथा घातला.

"आमच्यात पण घालतात," ती काशीबाईला म्हणाली. "जात्याला. पण आमी नाचणीच घालतो. गहू कुठून आणणार आमी?"

त्यात टोमणा नव्हता. काशीबाईला तो तरीही लागला.

ती मागच्या खोलीत वही घेऊन बसली. नंबर मोठ्या अक्षरांत होते, पण चष्म्याची एक काडी सैल झाली होती, एका हातानं चष्मा धरून दुसऱ्या हातानं आकडे दाबावे लागत. पहिल्या घरी कुणी उचलला नाही. दुसऱ्या घरच्या बाईनं सगळं ऐकलं आणि फक्त म्हणाली, "बरं झालं सांगितलंत," आणि फोन ठेवला. त्या "बरं झालं"चा अर्थ काशीबाई बराच वेळ लावत बसली. तिसरा एक तरुण होता, बोईसरमध्येच खोली करून राहणारा, त्यानं हिंदीत विचारलं, "आंटी, मतलब पाँच महीने से?" आणि मग, "मैं तो डॉक्टर बदल के आया." चौथा माणूस खूप बोलला. पोलिसांपर्यंत बोलला. काशीबाईनं मध्ये थांबवलं नाही. त्याचं संपल्यावर ती म्हणाली, "व्हय. माझं नाव काशीबाई. मूठ मी टाकली. पीठ फेकून द्या, डबा पण नवा घ्या."

नवव्या नंबरपर्यंत येईतो दुपार कलली होती. तिचा घसा बसला होता. तेच तेच शब्द सांगून त्यांतला जीव गेला होता. आपण दुसऱ्याच कुणाची गोष्ट सांगतोय असं तिला वाटायला लागलं होतं. शालूनं चहा आणून ठेवला आणि गेली.

नववं घर तारापूरच्या वसाहतीतलं होतं. फोन सुनेनं उचलला. पीठ सासऱ्यांसाठी, वय त्र्याहत्तर, दुखणं म्हातारपणी निघालेलं. काशीबाईनं सांगायला सुरुवात केली तर ती मध्येच म्हणाली, "अहो, तुमच्या पिठाचं काही नाही हो. आमचे पुंडलिकआप्पाच ऐकत नाहीत. संध्याकाळी फिरायला म्हणून जातात आणि नाक्यावर वडापाव खातात. डॉक्टरांनी आकडा दाखवला तरी कबूल करत नाहीत. आता मी त्यांचं एकट्याचं फिरणंच बंद केलंय. खिशात पैसे ठेवत नाही त्यांच्या."

काशीबाई थांबली. चष्मा तिच्या हातातून निसटून वहीवर पडला. तिनं तो उचलला नाही.

"वडापाव खाताना बगितलं कुणी?" तिनं विचारलं.

"बघायला कशाला पाहिजे? आकडाच सांगतो ना."

"त्यांना फोन द्या."

"अहो, त्यांना नीट ऐकू येत नाही. मला सांगा, मी सांगते त्यांना."

"नाय, बाई. तुमाला पण सांगते. पन आधी त्यांनाच द्या."

तिकडे कुरकुर झाली, सपाता फरफटत गेल्याचा आवाज आला, कुणीतरी टीव्हीचा आवाज कमी केला. मग एक म्हातारा, सावध आवाज आला. "कोण?"

"मी पिठाच्या गाळ्यावरनं बोलते, आप्पा. काशीबाई. तुमी जे पीठ खाता त्याच्यात गहू व्हता. होळीपासनं. माझ्या हातनं पडला. तुमचा आकडा त्यानं चढला. तुमी भाईर खाल्लं नव्हतं."

पलीकडून श्वास ऐकू येत होता, जिना चढून आलेल्या माणसाचा असतो तसा.

"ऐकू आलं का, आप्पा?"

"आलं," तो म्हणाला. मग बाजूला कुणाला तरी, जरा चढ्या आवाजात, "हे कुठलं बटण असतं गं, सगळ्यांना ऐकू येतं ते? दाब बरं. दाबलंस?" आणि परत फोनमध्ये, सावकाश, "बाई, तुम्ही आता बोललात ते पुन्हा एकदा सांगा. पहिल्यापासून."

काशीबाईनं गार झालेल्या चहाचा एक घोट घेतला, घसा खाकरला, आणि पहिल्यापासून सांगायला लागली.